किल्ल्याचे घड्याळ नेमके कशावर चालते? (अनुभव धागा)

किल्लेदार
जुनी हार्ड डिस्क चाळताना ‘पिलर्स ऑफ इटर्निटी’ या संगणकावरच्या भूमिका-खेळाचा (२०१५) अर्धवट सोडलेला सेव्ह (साठवलेला डाव) सापडला आणि त्यात खेळाडूला मिळणाऱ्या केड नुआ किल्ल्याची कारभारीण, म्हणजे दगडी आसनात बांधला गेलेला तो आत्मा, पुन्हा बोलू लागली. या किल्ल्यात दोन घड्याळे शेजारी-शेजारी चालतात. बांधकामाला खेळातले दिवस लागतात, त्यामुळे मुक्काम केला किंवा लांबचा प्रवास केला की तटबंदी उभी राहते. मात्र सोबत्यांना पाठवलेल्या मोहिमा टर्नवर (किल्ल्याच्या पाळ्यांवर) मोजल्या जातात, आणि क्वेस्ट, म्हणजे खेळात सोपवलेली कामगिरी, पूर्ण केल्याशिवाय टर्न पुढे सरकत नाही. सराईमध्ये कितीही झोपा काढल्या तरी मोहिमेवर गेलेला सोबती त्यामुळे परतत नाही. मग मी क्वेस्ट साठवायला लागलो. काम उरकलेले असते, गावकऱ्याची हरवलेली वस्तू माझ्या पिशवीत असते आणि तो बिचारा दारात वाट पाहत असतो. कारण मला तो टर्न अजून खर्च करायचा नसतो. आपापल्या किल्ल्यांत वेळ कसा गेला, ते जरूर लिहावे.

पाऊलवाट
तुमच्याकडे वेळ साठवता तरी येतो! ‘पाथफाइंडर: किंगमेकर’मध्ये (२०१८) दिनदर्शिका सतत पुढे पळत असते. सुरुवातीलाच स्टॅग लॉर्ड या लुटारूंच्या म्होरक्याला हरवण्यासाठी ९० दिवसांची मुदत मिळते, आणि त्यानंतर जहागीर हाती आली की खरी ओढाताण सुरू होते. एखाद्या सल्लागाराची श्रेणी वाढवायची तर १४ दिवस लागतात आणि ते मध्येच थांबवता येत नाहीत. राजधानीत बसून ते दिवस एकदम सरकवावे लागतात. नवा प्रदेश ताब्यात घ्यायलाही तेवढेच. त्या काळात आलेल्या संकटाची मुदत संपली, तर त्याचा फटका थेट राज्याला बसतो. माझा शिरस्ता असा की प्रकरणातली मुख्य क्वेस्ट आधी उरकावी आणि पुढचे संकट उगवेपर्यंतच्या शांत काळात श्रेणीवाढीची कामे लावावीत. आणखी एक गोष्ट फारसे कोणी सांगत नाही: सामानाचे ओझे वाढले की नकाशावरचा प्रवास मंदावतो, म्हणजे विकायला म्हणून उचललेल्या गंजक्या चिलखतांची किंमतही शेवटी दिवसांतच मोजावी लागते.

रातपाळी
‘ड्रॅगन एज: इन्क्विझिशन’मधल्या (२०१४) वॉर टेबलचा, म्हणजे सल्लागारांना मोहिमा वाटून देण्याच्या टेबलाचा, उल्लेख अजून कसा आला नाही? तिथे घड्याळ आपल्या भिंतीवरचेच असते. जोसेफिन या सल्लागार बाईंना एका कामावर पाठवावे, खेळ बंद करून कामावर जावे, आणि परत येऊन पाहावे तर निकाल तयार. कोणत्या सल्लागाराकडे काम सोपवतो, त्यावर वेळ कमी-जास्त होतो. आमच्याकडे मात्र काही मंडळी संगणकाचे घड्याळच पुढे करून मोकळी होत. (फोनवरून लिहीत आहे, बाकीचे नंतर लिहीन.)

अबोल
रातपाळी, घड्याळ पुढे करणाऱ्यांत मीही होते आणि त्याची मला मुळीच खंत नाही. दिवसभराची वाट पाहून शेवटी थोडे सोने आणि दोन ओळींचे पत्र हाती येत असेल, तर वाट पाहण्यात कसली आली आहे मजा? किंगमेकरमधली मुदत जाचक असली तरी तिला कथेत काही अर्थ आहे. वॉर टेबलवरची प्रतीक्षा मला निव्वळ अडवणूक वाटते.

रातपाळी
अबोलताई, मला ती प्रतीक्षाच आवडत असे. आपण नसतानाही संघटनेचा कारभार चालू आहे, असे त्यामुळे खरोखर वाटायचे. एजंट (संघटनेचे हस्तक) मिळवत गेल्यावर कामांचा वेळ घटतो, हेही लक्षात घ्या.

जुनाजाणता
‘बाल्डर्स गेट २’मध्ये (२०००) माझा जादूगार होता, त्यामुळे किल्ल्याऐवजी प्लेनर स्फिअर (जादूगाराचे ठाणे) मिळाला आणि त्याबरोबर तीन शिष्य. त्यांना एखादी वस्तू घडवायला सांगून निघून जायचे आणि काही दिवसांनी परतायचे. काम झेपण्यापलीकडचे असेल तर शिष्य जिवानिशी जाई. ‘सुईकोडेन’मध्ये (१९९५) याच्या अगदी उलट व्यवस्था आहे. तिथला किल्ला दिवसांवर वाढत नाही, माणसांवर वाढतो. १०८ साथीदारांपैकी जितके जमतील तितकी वस्ती फुलत जाते, आणि कोणी आला नाही तर वर्षभर वाट पाहूनही एक वीट हलत नाही. मला हाच हिशेब सर्वांत न्याय्य वाटतो.

पाऊलवाट
किल्लेदार, एक शंका आहे. मी लांबच्या तळघरात उतरलेलो असताना केड नुआवर हल्ला झाला, तर धावत परत यावेच लागते का?

किल्लेदार
यावेच लागते असे नाही. लढाई आपोआप निकाली काढता येते, पण इमारतींचे नुकसान होऊ शकते आणि दुरुस्तीला पुन्हा पैसे आणि दिवस मोजावे लागतात. सुरक्षा वाढवून ठेवली असेल तर करवसुलीतली लूटही कमी होते. मी तरी बार्बिकन (वेशीवरचा बुरूज) आधी दुरुस्त करून घेतो. बागा आणि शोभेच्या इमारती नंतर.