वॉरंटी संपलेल्या ऑटोमॅटिक गाडीचा संपूर्ण गिअरबॉक्स बदलायला सांगितला आहे. आधी काय तपासावे?

विश्रामबागकर (सांगली)

नमस्कार. माझ्याकडे २०१९ च्या अखेरीस साडेअकरा लाखांना घेतलेली, सात गिअरची, ड्राय डबल क्लच प्रकारची ऑटोमॅटिक पेट्रोल गाडी आहे. वाढवून घेतलेली वॉरंटीही २०२४ मध्ये संपली. गाडी साधारण ६८ हजार किलोमीटर चालली असून आजवरचे सर्व सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रातच झालेले आहे आणि त्याची बिले माझ्याकडे आहेत.

गेल्या महिन्यात पुण्याहून परतताना खंबाटकी घाटात वाहनांची मोठी रांग लागली होती. चढावर बराच वेळ थांबत, सरकत जावे लागले आणि त्यातच गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला. गाडी बाजूला घेऊन थंड होऊ दिल्यावर तो गेला. पुढे कराडपर्यंत काही जाणवले नाही, परंतु तेथे जेवायला थांबल्यानंतर गाडी मागे घेता येईना. आता स्थिती अशी आहे की रिव्हर्स पडत नाही आणि पुढे जाताना गाडी पहिल्या गिअरवरून झटका देऊन थेट तिसऱ्यावर जाते.

सर्व्हिस सेंटरने ‘गिअरबॉक्स असेंब्ली बदलणे’ एवढ्या एकाच ओळीचे पावणेचार लाखांचे एस्टिमेट दिले आहे. नेमके काय बिघडले, असे विचारल्यावर या मॉडेलमध्ये असे होतेच, एवढेच उत्तर मिळाले. आज ही गाडी विकायला काढली तर जेमतेम साडेपाच लाख येतील. विमा कंपनीनेही हे आपल्या कक्षेत बसत नसल्याचे कळवले आहे. एवढा खर्च करावा का, बाहेरच्या वर्कशॉपमध्ये काम करून घ्यावे का, आणि वॉरंटी संपली म्हणजे कंपनीकडे दाद मागण्याचा मार्ग खरोखरच बंद होतो का, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

मिरज_वर्कशॉप

आपल्या प्रश्नातील सर्वांत मोलाची माहिती एस्टिमेटच्या आकड्यात नसून लक्षणांत आहे. आपल्या गिअरबॉक्समध्ये दोन क्लच असतात, आणि सात गिअरच्या नेहमीच्या रचनेत १, ३, ५ व ७ हे गिअर एका क्लचवर, तर २, ४, ६ आणि रिव्हर्स हे दुसऱ्या क्लचवर चालतात. आपली गाडी पहिल्यावरून तिसऱ्यावर जाते आणि रिव्हर्स पडत नाही, याचा अर्थ विषम गिअरची बाजू शाबूत असून सम गिअरची बाजू बंद पडलेली दिसते. आतली दातेरी चाके, शाफ्ट, बेअरिंगे असे सगळेच एकाच दिवशी निकामी झाले असते तर बिघाड इतका शिस्तीत वाटला गेला नसता. त्यामुळे बाहेरची खडखड, धातूचा आवाज किंवा ऑइलमध्ये चुरा असे काही आढळलेले नसेल, तर संपूर्ण असेंब्ली बदलण्याचा सल्ला आज तरी घाईचा वाटतो.

सम बाजू बंद पडण्याची कारणे मोजकीच आहेत. दुसऱ्या क्लचची प्लेट झिजली किंवा जळाली असेल. तो क्लच दाबणारी यंत्रणा अडकली असेल. त्या बाजूचा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) किंवा सेन्सर गेला असेल. अथवा गिअरबॉक्सच्या नियंत्रण युनिटमध्येच दोष असेल. हे चारही भाग गिअरबॉक्सपासून वेगळे काढून बदलता येतात. यांतील कोणता भाग गेला आहे हे स्कॅनरवर बऱ्याच अंशी कळते, परंतु त्यासाठी नुसता दोषाचा कोड वाचून भागत नाही. पी-०७०० हा कोड आला तर त्याचा अर्थ एवढाच, की ट्रान्समिशनच्या नियंत्रकाने काहीतरी दोष नोंदवला आहे. तो दोष कोणता हे त्याच्या आतल्या, त्या त्या कंपनीच्या कोडमध्ये असते. शिवाय चांगला स्कॅनर दोन्ही क्लचची झीज, क्लचचे तापमान मर्यादेबाहेर गेल्याच्या नोंदी आणि क्लच नेमका कोठे पकडतो याचा नियंत्रण युनिटने शिकून ठेवलेला बिंदू हे सर्व दाखवतो. ही पाने छापून मागा. ती द्यायला नकार मिळाला, तर निदान केलेलेच नाही असे समजायला हरकत नाही.

त्याआधी बॅटरी तपासून घ्या, हे सांगायला संकोच वाटतो इतके साधे आहे, पण आमच्याकडे गिअरबॉक्सची तक्रार घेऊन आलेल्या काही गाड्या केवळ कमजोर बॅटरी आणि गंजलेली अर्थिंगची पट्टी बदलून परत गेल्या आहेत. व्होल्टेज खाली गेले की नियंत्रण युनिट भलतेच दोष नोंदवते. आपल्या प्रकरणात घाटातील तापमानाचा इशारा आधी आलेला असल्यामुळे माझा कल क्लचकडे अधिक आहे. ड्राय क्लचला थंड करायला ऑइल नसते. चढावर ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली, किंवा पुढची गाडी हातभर सरकली की आपणही सरकलो, तर प्लेट सतत अर्धवट घासत राहते आणि तापते. पसरणी घाटातून सुट्टीच्या दिवशी पाचगणीला जाणाऱ्या अशा गाड्यांची हीच गत होते. रांगेत थोडे अंतर पडू द्यावे आणि मग एकदम पुढे जावे. मागचा हॉर्न वाजवतो, वाजवू द्यावा.

तूर्त गाडी चालवू नका. हलवायची झाल्यास पुढची चाके जमिनीवर ठेवून दोरीने ओढू नका, फ्लॅटबेडवरच, म्हणजे गाडी पूर्ण उचलून नेणाऱ्या सपाट ट्रकवरच, चढवा.

सातारा_ग्राहकवकील

वरील तांत्रिक मताला कायद्याच्या बाजूने एक गोष्ट जोडतो, आणि ती क्रमाने पहिली यावी असे मला वाटते: लेखी निदान हाती येईपर्यंत कोणालाही गिअरबॉक्स उघडू देऊ नका. ग्राहक आयोगापुढे गाडीत मुळातच दोष होता असे म्हणणाऱ्याला ते दाखवून द्यावे लागते, आणि गाडीच्या बाबतीत ते बहुधा तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय दाखवता येत नाही. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ३८ मध्ये तपासणीशिवाय ठरवता न येणाऱ्या दोषांसाठी योग्य प्रयोगशाळेकडून परीक्षण करून घेण्याची तरतूद आहे. परंतु जुना भाग भंगारात गेल्यानंतर परीक्षण कशाचे करणार? अनेक खरी प्रकरणे याच एका कारणाने पडतात. शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातील यंत्र अभियांत्रिकीचे प्राध्यापक किंवा वाहनांच्या नुकसानीची पाहणी करणारे परवानाधारक सर्व्हेअर यांच्याकडून छायाचित्रांसह अहवाल घेता आला, तर त्याचे वजन पडते.

वॉरंटी संपली म्हणजे दुरुस्ती फुकट मागण्याचा कराराने मिळालेला हक्क संपला. मुळातल्या दोषाबद्दल दाद मागण्याचा मार्ग त्यामुळे आपोआप बंद होत नाही, मात्र तो अवघड होतो, कारण ६८ हजार किलोमीटर व्यवस्थित चाललेल्या गाडीत उत्पादनाचा दोष होता हे पटवून देणे सोपे नाही. ‘या मॉडेलमध्ये असे होतेच’ हे वाक्य आपल्याला तोंडी ऐकवले गेले आहे. तेच ईमेलवर आले असते तर आपली बाजू बरीच भक्कम झाली असती. म्हणून आता प्रत्येक प्रश्न ईमेलनेच विचारा आणि जॉब कार्डवर आपली तक्रार आपल्याच शब्दांत लिहून घ्या.

तक्रार आपण राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे सांगलीच्या जिल्हा आयोगात दाखल करता येते. कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावे लागत नाही. वस्तूसाठी मोजलेली किंमत (कायद्याच्या भाषेत मोबदला) ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडे येते, आणि १० ते २० लाखांच्या टप्प्यातील वस्तूसाठी शुल्क ४०० रुपये आहे. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची. कंपनीशी पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती मुदत वाढत नाही, हे लोक विसरतात. आयोगात जाण्यापूर्वी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहावी. काही वेळा तेवढ्यानेच कंपनीचा विभागीय अधिकारी फोन करतो.

तासगावची_वाट

मी या प्रकारातून गेलो आहे, गाडी वेगळ्या कंपनीची होती. माझ्या अनुभवात ‘सद्भावनेने खर्चातील वाटा उचलणे’ हा प्रकार सर्वांत उपयोगी पडला. सर्व्हिस सेंटर स्वतःहून त्याचे नाव काढत नाही, कारण निर्णय डीलरचा नसून कंपनीचा असतो. कंपनीच्या ग्राहक विभागाला थेट ईमेल लिहून चॅसिस क्रमांक, सर्व सर्व्हिसिंगची बिले आणि निदानाची पाने जोडावीत, आणि भागांच्या खर्चात कंपनी किती वाटा उचलेल असा नेमका प्रश्न विचारावा. मला भागांच्या किमतीपैकी निम्मी रक्कम मिळाली, मजुरी मीच दिली. हा हक्क नाही, त्यामुळे पत्राचा सूर भांडणाचा नसावा. आपले सर्व सर्व्हिसिंग अधिकृत केंद्रात झाले आहे, ही येथे आपली सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

आपल्या चॅसिस क्रमांकावर एखादी परत-बोलावणी किंवा सर्व्हिस मोहीम शिल्लक आहे का, हेही विचारून घ्या. आपली गाडी कोणत्या कंपनीची हे मी विचारत नाही, पण केवळ उदाहरण म्हणून सांगतो: फोक्सवॅगनने २०१३ मध्ये जगभरातील सुमारे १६ लाख गाड्या सात गिअरच्या डीएसजी (त्या कंपनीच्या डबल क्लच) गिअरबॉक्समधील सिंथेटिक ऑइल काढून मिनरल ऑइल भरण्यासाठी परत बोलावल्या होत्या, कारण उष्ण व दमट हवामानात त्या ऑइलमुळे गिअरबॉक्सच्या वीजपुरवठ्यात बिघाड होण्याचा संभव होता. अशा मोहिमांचे काम वॉरंटीबाहेरील गाड्यांवरही विनामूल्य केले जाते. आपल्याकडे मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर सरकारही सात वर्षांच्या आतील वाहने परत बोलावण्याचा आदेश देऊ शकते.

विम्याबाबत त्यांचे म्हणणे बरोबर आहे. यांत्रिक बिघाड आणि झीज पॉलिसीत येत नाही; इंजिन संरक्षणाचे जोड-कवच असले तरी ते पाणी शिरणे किंवा खालून दगड लागून ऑइल गळणे अशा प्रसंगांसाठी असते.

एस्टिमेटमधील कराचा दरही पाहा. गाड्यांच्या ज्या सुट्या भागांवर पूर्वी २८ टक्के जीएसटी होता, त्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के आहे.

विश्रामबागकर (सांगली)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. लेखी मागणी केल्यावर सर्व्हिस सेंटरने स्कॅनची पाने दिली. बॅटरी ठीक आहे. दुसऱ्या क्लचची झीज मर्यादेबाहेर असून त्याच क्लचच्या अतितापाच्या नोंदी आहेत. पहिला क्लच मर्यादेत आहे. नियंत्रण युनिटचा एकही दोष नोंदलेला नाही आणि गिअरबॉक्समध्ये आवाज नसल्याचे त्यांनी ईमेलवर मान्य केले आहे. आता ते क्लच सेट बदलून देण्यास तयार आहेत आणि नवे एस्टिमेट एक लाख दहा हजारांचे आहे. बाहेरचे एक वर्कशॉप हेच काम ऐंशी हजारांत करते, आणि मुंबईच्या कुर्ला बाजारातून जुना गिअरबॉक्स साठ हजारांत आणून बसवण्याचाही पर्याय तेच सुचवतात. यांपैकी काय निवडावे? आणि आता तक्रारीला अर्थ उरतो का?

सातारा_ग्राहकवकील

स्पष्ट सांगायचे तर खर्च उतरला तशी तक्रारही दुबळी झाली. क्लच हा झिजणारा भाग मानला जातो आणि वॉरंटीच्या काळातही कंपन्या त्यावरून वाद घालतात. पावणेचार लाखांचा चुकीचा सल्ला दिला गेला हे खरे, पण त्यानुसार आपण पैसे भरलेले नाहीत, त्यामुळे नुकसान दाखवता येणार नाही. मी आयोगाच्या वाटेला जाणार नाही. पहिले एस्टिमेट, दुसरे एस्टिमेट आणि स्कॅनची पाने जोडून कंपनीला खर्चातील वाट्यासाठी पत्र मात्र अवश्य लिहा. एकाच बिघाडाची दोन एस्टिमेटे शेजारी ठेवली की त्यांनाही उत्तर द्यावेच लागेल. उत्तर येण्यापूर्वी काम करून घ्यावे लागले, तर रक्कम ‘हक्क राखून’ भरत असल्याचे ईमेलवर नोंदवून ठेवा.

मिरज_वर्कशॉप

जुना गिअरबॉक्स घेऊ नका. त्याचा क्लच किती झिजला आहे हे बसवल्याशिवाय कळत नाही, आणि त्याच्यासोबत आलेले नियंत्रण युनिट आपल्या गाडीच्या क्रमांकाशी जुळवून घ्यावे लागते, जे प्रत्येक ठिकाणी जमत नाही. साठ हजारांत आपण दुसऱ्याचा दोष विकत घ्याल.

बाहेरच्या वर्कशॉपकडे जायचे की नाही, हे तीस हजारांवर ठरवू नका, त्यांच्याकडे कोणती साधने आहेत यावर ठरवा. ड्राय डबल क्लच बसवताना काढण्या-घालण्याची खास अवजारे लागतात, अंतर मोजून योग्य जाडीच्या शिम (अंतर भरणाऱ्या पातळ चकत्या) निवडाव्या लागतात आणि बसवल्यानंतर स्कॅनरने क्लचचा बिंदू नव्याने शिकवून ठरलेल्या पद्धतीने चाचणी फेरी घ्यावी लागते. हे तिन्ही तुमच्याकडे होते का, असे त्यांना विचारा. उत्तर चाचरत आले, तर सर्व्हिस सेंटरच बरे. अर्धा सेट बदलू नका. प्लेटींबरोबर दाबणारे बेअरिंग आणि लिव्हरही नवेच घाला. गिअरबॉक्स खाली उतरलेलाच आहे तर क्रँकशाफ्टचे मागचे ऑइल सील पाहून घ्या, कारण तेथून ऑइल झिरपले तर नवी प्लेटही वाया जाईल.

जुने भाग परत मागून घ्या, नव्या भागांची वॉरंटी बिलावर कालावधीसह लिहून घ्या, आणि गाडी ताब्यात घेण्यापूर्वी मेस्त्रींना शेजारी बसवून एखाद्या चढावर थंड व तापलेल्या अशा दोन्ही अवस्थांत रिव्हर्स पडतो का हे स्वतः चालवून पाहा.