मस्कतहून कायमचं गावी येतोय. शेततळं करू की बोअर? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. मस्कतमध्ये इलेक्ट्रिशियनचं काम करत बरीच वर्षं काढली. आता येळवशीच्या (वेळ अमावास्येच्या) आधी लातूर जिल्ह्यात औसा तालुक्यातल्या गावी कायमचा परततोय. यंदा आपल्याच रानात कडब्याची कोप (खोपटी) करून आईच्या हातची भज्जी आणि आंबिल, याच ओढीनं दिवस जातायत.

मदत हवी ती पाण्याची. चार एकर काळं कोरडवाहू रान आहे, सोयाबीन-तूर घेतो. वडील बोअर पाडू म्हणतात. मला धास्ती वाटते. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं, तेव्हा आमच्या शिवारातले बोअर कोरडे होते. त्यापेक्षा अस्तराचं शेततळं करून ठिबकवर केशर आंबा लावावा, असं मनात आहे. औसा-निलंगा भागात कुणी केलंय का? तळ्याला किती जागा दिली? मे महिन्यात पाणी किती उरतं?

आणखी एक. परतल्यावर एनआरई (अनिवासी भारतीयांचं) बँक खातं निवासी करून घ्यावं लागतं, तेव्हा बँकेनं कोणकोणते कागद मागितले?

वडिलांचा शब्द मोडायचा नाही, त्यांना चालू असलेलं तळं दाखवायचंय. आल्यावर त्यांना घेऊन तुमचं रान बघायला आलो तर चालेल का?