मदत हवी आहे: दोन फुटी टँकमध्ये कोणते मासे गुण्यागोविंदाने राहतील?

नमस्कार मंडळी. २४ × १२ × १५ इंचांचा टँक लावलाय, काठोकाठ भरला तर साधारण ७० लिटर. माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वाढावेत म्हणून सव्वा महिना थेंब थेंब अमोनिया घालून तो चालवला. आता घातलेला अमोनिया दिवसभरात शून्यावर येतो, त्यापासून बनणारं नायट्राइटही (तेही विषारीच) शून्य. म्हणजे मासे सोडायला हरकत नसावी.

घोडं अडलंय ते निवडीवर. मला निऑन टेट्रांचा थवा हवाय, निदान दहाचा. मुलीला गप्पी हवेत. आमच्या पाण्याचा पीएच ७.६, शिवाय पाणी जड. बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. गप्पींना ते मानवेल, पण निऑनना मऊ, किंचित आम्लधर्मी पाणी लागतं. अशा पाण्यात कुणाचे निऑन वर्षभर टिकलेत का? की त्यांचा नाद सोडून गप्पी-प्लॅटीच घेऊ? मग पिल्लांचा पूर येणार! फक्त नर ठेवले तर?

तळाशी सहा कोरीडोरास सोडायचेत. पण खडी टोकदार आहे, माझ्याच हाताला टोचते. त्यांच्या मिशांचं काय होईल? खडी काढून वाळू घातली तर फिल्टरमधल्या जिवाणूंवर भागेल का, की सगळं पुन्हा पहिल्यापासून?

एंजल नको, मोठा झाला की निऑन गिळतो. टायगर बार्बही नको, त्यांनी कुरतडलेल्या गप्पींच्या शेपट्या पाहिल्यात. एकच हनी गुरामी ठेवली तर चालेल का, तेवढं मात्र नक्की सांगा.