मदत हवी आहे: ट्रान्सप्लांट पेशंटच्या गाठीतली काळी बुरशी नवी प्रजाती आहे का?

नमस्कार. कोल्हापुरातल्या लॅबमधून विचारतोय. पेशंट शेतकरी, किडनी ट्रान्सप्लांट झालेला, टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) सुरू. घोट्याजवळ लिंबाएवढी गाठ, दुखत नाही. केओएचमध्ये (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या थेंबात सूक्ष्मदर्शकाखाली) पडदे असलेले तपकिरी तंतू. सॅबुरो अगारवर (बुरशी वाढवायच्या माध्यमावर) २५ अंशांना करडी, लोकरीसारखी वाढ, मागची बाजू काळी. तीन आठवडे झाले, बीजाणू नाहीत. मॅल्डी-टॉफने (प्रथिनांवरून जंतू ओळखणाऱ्या यंत्राने) नाव दिलं नाही. आयटीएस (बुरशी ओळखण्यासाठी वापरतात तो डीएनएचा भाग) सिक्वेन्स नोंदींशी जास्तीत जास्त ९४ टक्के जुळतो. पुढे काय करावं?

प्रतिसाद १
९४ टक्क्यांवरून नवी प्रजाती म्हणू नका. आधी क्रोमॅटोग्राम (सिक्वेन्सिंग यंत्राचा शिखरांचा आलेख) उघडा. टोकांचे खराब बेस कापा, फॉरवर्ड आणि रिव्हर्स वाचनं जोडून पुन्हा शोधा. जागोजागी एकावर एक दोन शिखरं असतील तर कल्चर मिसळलेलं आहे, एका तंतूटोकापासून पुन्हा वाढवा. जुळणी किती लांबीवर आहे तेही पाहा. जेनबँकेत (सिक्वेन्सच्या सार्वजनिक संग्रहात) चुकीच्या नावांच्या नोंदी पुष्कळ आहेत, म्हणून तुलना टाइप स्ट्रेनशीच (प्रजातीचं नाव ज्या नमुन्यावरून ठरलं त्याच्याशीच) करा, आणि मेडिकॉप्सिस रोमेरोई ही काळी बुरशी आवर्जून ताडून बघा. ट्रान्सप्लांट पेशंटच्या पायावरच्या अशा गाठीत ती सापडते आणि साध्या माध्यमावर बीजाणू देत नाही.

मग एलएसयू, बीटा-ट्युब्युलिन आणि आरपीबी२ या आणखी तीन जीन्सचे सिक्वेन्स करून वंशवृक्ष काढा. काळ्या बुरशीतलं मेलॅनिन पीसीआर अडवतं. बँड आला नाही तर डीएनए १:१० पातळ करा, थोडं बीएसए (अडथळा कमी करणारं प्रथिन) घाला.

बीजाणूंसाठी ओटमील अगारवर ऑटोक्लेव्ह केलेले उसाच्या पाचटाचे तुकडे ठेवा. १२ तास निअर-यूव्ही उजेड, १२ तास अंधार, चार ते सहा आठवडे. पाचटावर खसखशीहून बारीक काळे गोळे (बीजाणूंच्या पिशव्या) दिसले की एक फोडून लॅक्टोफिनॉलमध्ये बघा.

प्रतिसाद २
उपचार नावासाठी थांबवू नका. गाठ सुटी असेल तर पूर्ण काढणं उत्तम. इट्राकोनॅझोल किंवा व्होरिकोनॅझोल ही बुरशीविरोधी औषधं सुरू करताना टॅक्रोलिमसचा डोस कमी करावा लागतो, कारण रक्तातली पातळी झपाट्याने चढते आणि नवी किडनीच धोक्यात येते. हे नेफ्रॉलॉजिस्टना आजच कळवा.

कल्चर पुण्याच्या आघारकर संस्थेतल्या एनएफसीसीआयला किंवा चंडीगडच्या पीजीआयमधल्या एनसीसीपीएफला (दोन्ही राष्ट्रीय बुरशी संग्रह) पाठवा. प्लेट नको, हलते आणि झाकण सुटतं. स्क्रू कॅपचे दोन स्लँट (तिरप्या अगारच्या नळ्या), तिहेरी पॅकिंगमध्ये. नवीन ठरलीच तर नाव मायकोबँकसारख्या नोंदणीच्या ठिकाणी नोंदवल्याशिवाय ग्राह्य धरत नाहीत. २०१३ पासून ते सक्तीचं आहे.

धागाकर्ता
पण ती वाढ हवेतली नाही हे कसं दाखवू? बायोप्सीचा अर्धा तुकडा सलाइनमधून काढून उणे २० ला ठेवला आहे, अर्धा फॉर्मॅलिनमध्ये गेला.

प्रतिसाद १
उत्तम. फॉर्मॅलिनमधल्या तुकड्यावर मॅसन-फोंटाना (मेलॅनिन दाखवणारा रंग) करून घ्या, ऊतीत तेच तपकिरी तंतू दिसायला हवेत. गोठवलेल्या तुकड्यातून थेट डीएनए काढून आयटीएस करा. सोबत रिकामा (ऊतीशिवायचा) कंट्रोल हवाच, तो निगेटिव्ह यायला हवा. ऊतीतला आणि कल्चरचा, दोन्ही सिक्वेन्स अक्षरशः सारखे आले की मगच पुढच्या जीन्सवर खर्च करा.