पणजीची नथ उजवीकडे! फोटो उलटा छापलाय का?

शेंगाचटणी:
काल फ्रेम पुसताना पहिल्यांदाच लक्ष गेलं. पणजोबा-पणजीचा स्टुडिओतला फोटो आहे, 1940च्या आसपासचा. पणजोबा सोलापूरच्या जुन्या मिलमध्ये कामाला होते. फोटोत ते कोट घालून, मांडीवर जाडजूड पुस्तक घेऊन खुर्चीत बसलेत, पणजी शेजारी उभी. आणि तिची नथ उजव्या नाकपुडीत! आमच्यात सगळ्या डावीकडे घालतात. मोठे काका म्हणतात, फोटो उलटा छापलाय. असं होतं का?

टॉवेलवाला:
उजव्या म्हणजे कुणाच्या? तुझं उजवं म्हणजे तिचं डावं की बे.

शेंगाचटणी:
बहिणीला समोर उभी करून, तिच्या नाकाला बोट लावून खात्री केली. पणजीचीच उजवी.

लाल_दिवा:
होतं. नवी पेठेत 22 वर्षं डार्करूम सांभाळली मी. जुन्या काचेच्या प्लेटांवरून पुन्हा प्रिंट काढायला लोक यायचे. प्लेटची मसाला लावलेली, म्हणजे चित्र उमटलेली बाजू कागदाला चिकटून ठेवायची असते. घाईत प्लेट पालथी पडली की चित्र उलटं येतं, आणि मधे काच आल्यानं जरा मऊही पडतं. पापण्या, साडीचे काठ भिंगाखाली बघा.

मग कोट बघा. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू उजवीवर येते, वरचा खिसा डावीकडे. पणजींचा पदर कुठल्या खांद्यावर आहे तेही बघा.

पुस्तकाचं मात्र काही खरं मानू नका. पुस्तक स्टुडिओचं, खुर्ची स्टुडिओची, मागचा जिना पडद्यावर रंगवलेला. कोटसुद्धा आम्हीच द्यायचो, सैल झाला तर पाठीमागून टाचण्या लावून! त्यावरून माणसाला कसं दिसायचं होतं ते कळतं, घरात काय होतं ते नाही. पण उसन्या कोटाचा खिसासुद्धा दिशा खरीच सांगतो. खिसा कुठं आहे याचा विचार फोटो काढताना कुणी करत नाही.

शेंगाचटणी:
आणि आम्ही लहानपणापासून ऐकतोय, पणजोबा फार वाचायचे!

बघितलं. खिसा त्यांच्या डावीकडे, पदर पणजीच्या डाव्या खांद्यावर. काठ अगदी स्पष्ट. म्हणजे फोटो सुलटाच?

लाल_दिवा:
सुलटाच.

टॉवेलवाला:
आमच्या पूर्व भागात ये, तेलुगू घरांतल्या म्हाताऱ्यांच्या नाकात उजवीकडं दिसेल. कानडी घरांतही. माहेर कुठलं पणजीचं?

लाल_दिवा:
एका नथीवरून माहेर ठरवू नका हो. फ्रेम उघडून फोटोच्या मागं काही लिहिलंय का बघा. जपून, जुना फोटो काचेला चिकटलेला असतो, ओढलात तर चेहराच काचेवर राहील.

शेंगाचटणी:
मागं नुसता स्टुडिओचा शिक्का, तोही अर्धा. माहेर घरात कुणी सांगत नाही, विषय निघाला की चहा येतो. पण आत्याला विचारलं तर म्हणाली, पणजी अंबाडीच्या भाजीला गोंगूरा म्हणायची.

टॉवेलवाला:
घ्या! तेलुगूच शब्द की बे.

शेंगाचटणी:
काका रविवारी जेवायला येतायत. भाजी कुठली करू ते ठरलं.