ए लेव्हलला इंग्लिश लँग्वेज, लिटरेचर की दोन्ही मिळून एक? तुमचे अनुभव लिहा

ओसरी
इंग्लंडात मुलं शिकवलेली इथे बरीच जण आहात म्हणून विचारतेय. लेक इयर ११ ला (आपली दहावी) आहे, सिक्स्थ फॉर्मचा, म्हणजे ए लेव्हलच्या पुढच्या दोन वर्षांचा (आपली अकरावी-बारावी) अर्ज भरायचाय. सायकॉलॉजी आणि हिस्टरी ठरलंय, तिसरं इंग्लिश हेही ठरलंय, पण त्या फॉर्मवर इंग्लिशच्या नावाने तीन रकाने! इंग्लिश लँग्वेज, इंग्लिश लिटरेचर, आणि तिसरा इंग्लिश लँग्वेज अँड लिटरेचर. ऑप्शन्स इव्हनिंगला गेलो तर तिन्ही टेबलांवरच्या शिक्षकांनी आपापला विषय इतका गोड करून सांगितला की आम्ही जास्तच गोंधळून घरी आलो. जीसीएसईला (इयर ११ ची परीक्षा) लँग्वेज आणि लिट दोन्ही बरे चाललेत. ती वाचते भरपूर, पण कोण कसं बोलतं यावरून वाद घालायलाही तिला तेवढंच आवडतं. नवरा म्हणतो इंग्लिश ते इंग्लिश, काहीही घे. आम्ही दोघं मराठी मीडियमवाले, बारावीला इंग्रजी म्हणजे एक कंपल्सरी पेपर एवढंच माहीत.

तर ज्यांनी स्वतः केलंय किंवा मुलांनी केलंय त्यांनी लिहा की वर्गात नक्की काय करतात, कोर्सवर्क कसं असतं, पुढे कुठे अडलं का. "वाचनाची आवड असेल तर लिट" हे मलाही कळतं, त्यापुढचं हवंय.

टिपकागद
आमच्या मोठ्याने लँग्वेज केलं, परीक्षा घेणारं बोर्ड एक्यूए. पहिली गोष्ट डोक्यातून काढा की हे जीसीएसई लँग्वेजचं पुढचं पान आहे. तिकडे उतारा वाचा, उत्तरं लिहा, मग एक गोष्ट किंवा वर्णन लिहा असं असतं. इकडे पहिल्याच आठवड्यात त्याच्या हातात दोन-अडीच वर्षांच्या मुलाच्या आणि आईच्या बोलण्याची ट्रान्स्क्रिप्ट, कुठे थांबला, कुठे आवाज चढला सगळ्याच्या खुणांसकट. मूल 'वेन्ट' न म्हणता 'गोएड' म्हणतं ते का, तर त्याने ऐकून पाठ केलेलं नाही, नियम स्वतः काढलाय आणि सगळीकडे लावतोय. १९५८ साली जीन बर्को या बाईंनी मुलांना एका काल्पनिक प्राण्याचं चित्र दाखवून 'हा एक वग, आता हे दोन...?' असं विचारलं आणि मुलं बरोब्बर अनेकवचन करत होती, शब्द आयुष्यात कधी ऐकलेला नसताना. हे तो जेवताना आम्हाला सांगायचा आणि आम्ही आमच्या भाच्यावर प्रयोग करून बघायचो, मराठीत सुद्धा चालतं बरं का!

म्हणजे हे जवळजवळ भाषाशास्त्र आहे. थोडं सायकॉलॉजी, थोडं सोशिऑलॉजी. लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञाने न्यूयॉर्कच्या तीन दुकानांत, एक महाग, एक मधलं, एक स्वस्त, विक्रेत्यांकडून 'फोर्थ फ्लोअर' हे दोन शब्द वदवून घेतले आणि कोण 'र' उच्चारतं ते मोजलं, असले अभ्यास लक्षात ठेवावे लागतात, आणि नुसते ठेवून भागत नाही, त्यांच्यातलं काय पटत नाही तेही लिहावं लागतं.

कोर्सवर्कचे दोन भाग. एक स्वतःचं लेखन, साडेसातशे शब्द, आणि ते तसं का लिहिलं यावर तेवढ्याच शब्दांचं भाष्य. दुसरा भाग म्हणजे दोन हजार शब्दांचं संशोधन, डेटा स्वतः गोळा करायचा. ह्याने आमच्याच घरातलं बोलणं परवानगी घेऊन रेकॉर्ड केलं, मराठीतून इंग्लिशमध्ये कोण कुठल्या क्षणी उडी मारतं ते बघायला. निघालं काय, तर मी रागावले की मराठी आणि त्याचा बाप रागावला की इंग्लिश. शिक्षक खूश, बाप नाही.

पेपर दोनमध्ये भाषेवरच्या एखाद्या वादावर लेख पण लिहायचा असतो वर्तमानपत्रात येतो तसा, आणि तो त्याला सगळ्यात जड गेला. माहिती होती सगळी, पण वाचणाऱ्याला खिळवून ठेवणं हे वेगळं काम आहे.

रात्रपाळी
आमच्याकडे प्रश्नच आला नाही, शाळेच्या सिक्स्थ फॉर्ममध्ये फक्त लिट होतं. लँग्वेज हवं असेल तर बसने लांबच्या कॉलेजला जा. मुलगी लिट घेऊन सुखात आहे. फॉर्मवर रकाना आहे म्हणजे वर्ग भरेलच असं नाही, पुरेशी मुलं नाही आली तर विषय रद्द होतो, ते आधी विचारा.

निळी_शाई
ओसरीकाकू, मी लिट केलंय आणि आता युनिव्हर्सिटीत इंग्लिशच शिकतेय, त्यामुळे माझं मत एका बाजूला झुकलेलं आहे हे धरून चाला.

लिटला दोन वर्षांत कमीत कमी आठ पुस्तकं करायचीच असतात, कुठलंही बोर्ड असो, त्यातली किमान तीन १९०० च्या आधीची, त्यात एक शेक्सपिअर, आणि किमान एक २००० नंतरचं. 'मला वाचायला आवडतं' म्हणणारी मुलं या १९०० च्या आधीच्या तिनांवर अडखळतात. आमच्या वर्गात फॅन्टसीचे ठोकळे दोन दिवसांत संपवणारी एक मुलगी होती, तिला सतराव्या शतकातल्या एका कवितेच्या चौदा ओळींवर तीन तास चाललेली चर्चा अक्षरशः सहन व्हायची नाही. आणि मला त्याच तासांसाठी कॉलेजला जावंसं वाटायचं. तुमच्या लेकीला एकच परिच्छेद परत परत वाचायला आवडतो का ते बघा, किती पुस्तकं वाचते यापेक्षा ते जास्त उपयोगाचं आहे.

परीक्षा: मी एक्यूएचा 'लिट ए' नावाचा कोर्स केला. पहिला पेपर तीन तासांचा, विषय प्रेम, शेक्सपिअरपासून आजपर्यंत. शेक्सपिअरच्या भागाला पुस्तक जवळ नसतं, म्हणजे अवतरणं पाठ पाहिजेत. मग दोन न पाहिलेल्या कविता समोर येतात, त्यांची तुलना. तिसऱ्या भागाला पुस्तक नेता येतं, पण नोट्स लिहिलेलं नाही, कोरं. दुसरा पेपर मी १९४५ नंतरच्या साहित्याचा घेतला होता, दुसरा पर्याय पहिल्या महायुद्धाचा होता. सगळ्या बोर्डांचं असं नाही, काहींना सगळीकडे पुस्तक चालतं, काहींना कुठेच नाही.

कोर्सवर्क अडीच हजार शब्दांचा एकच निबंध, दोन पुस्तकांची तुलना, त्यातलं एक १९०० च्या आधीचं, पुस्तकं आपण निवडायची. दोन वर्षांतला सगळ्यात चांगला भाग हाच. त्या पुस्तकाबद्दल इतरांनी काय म्हटलंय ते वाचून आपण कुठे उभे आहोत ते सांगायचं असतं, आणि आमच्या बाई प्रत्येक ड्राफ्टवर लाल शाईने एवढंच लिहायच्या, "पण तुला काय वाटतं?"

पुढचं म्हणाल तर, इंग्लिशची डिग्री करायची असेल तर बऱ्याच ठिकाणी लिट किंवा लँग-लिट लागतं, नुसतं लँग्वेज चालत नाही. माझ्या मैत्रिणीला यादीतली दोन नावं त्यामुळे खोडावी लागली. उलट लिंग्विस्टिक्सच्या डिग्रीला लँग्वेजच पाहिजे असं सहसा नसतं.

उंबरठा
तिसऱ्या रकान्याबद्दल कोणीच लिहीत नाहीये म्हणून मी. मुलाने लँग-लिट केलं. लोकांचा समज असा की दोन्हीचं थोडं थोडं, म्हणजे हलकं. एका पालकाने मला तोंडावर "ते सोपंवालं ना?" विचारलं होतं. पुस्तकं कमी असतात हे खरं, पण प्रत्येक पुस्तकाकडे व्याकरण आणि शैलीच्या अंगाने बघायचं. लेखकाने वाईट वाटायला लावलं एवढं म्हणून चालत नाही, ते कुठल्या क्रियापदाने, कोणाच्या नजरेतून, वाक्य कुठे तोडून, हे दाखवावं लागतं. कादंबरी, कविता, नाटक यांच्याबरोबर प्रवासवर्णनं, आठवणी, जाहिराती, गप्पांच्या ट्रान्स्क्रिप्ट, सगळं एकाच ताटात. एक्यूएला पॅरिस या एकाच शहराबद्दलच्या वेगवेगळ्या लिखाणाचा संग्रह होता आणि टुरिस्ट गाइडमधल्या शहरात आणि म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीतल्या शहरात काय फरक पडतो यावर तो तासन्‌तास बोलायचा.

याला लिहायची हौस होती आणि ती इथे भागली. पुस्तकातला एक प्रसंग घ्यायचा, तो दुसऱ्याच पात्राच्या बाजूने परीक्षेत तिथल्या तिथे लिहायचा आणि मग आपण घेतलेल्या निर्णयांवर भाष्य करायचं. कोर्सवर्क अडीच ते तीन हजार शब्दांचं, एक साहित्यातलं आणि एक साहित्याबाहेरचं लिखाण शेजारी ठेवून. त्याने कादंबरीतली भांडणं आणि रेडिओवरच्या फोन-इनमधली भांडणं घेतली.

तक्रार एकच, दोन शिक्षक होते, एक लिटचे एक लँग्वेजचे, आणि दोघं एकाच गोष्टीला दोन नावं वापरायचे. पोरं वैतागली होती. आणि हो, आमच्या कॉलेजात लँग-लिट घेतलं की बाकीच्या दोनपैकी एकही घेता येत नव्हतं.

खडूफळा
मी सिक्स्थ फॉर्मला इंग्लिश शिकवते, लँग्वेज आणि लिट दोन्ही. वर बहुतेक सगळं बरोबर आलंय, काही गोष्टी जोडते.

२०१५ पासून नवीन ए लेव्हल आलं तेव्हापासून परीक्षा दोन वर्षांच्या शेवटी एकदाच, आणि तिन्ही विषयांत कोर्सवर्क २० टक्के, बाकी ८० टक्के लेखी. म्हणजे "लँग्वेजला कोर्सवर्क जास्त" वगैरे जे कानावर येतं ते सोडून द्या.

'चांगल्या युनिव्हर्सिटीला लिटच लागतं' हे अजून पालकांच्या डोक्यात बसलंय. रसेल ग्रुपची (इथल्या नामवंत युनिव्हर्सिटींचा गट) एक यादी होती, पसंतीच्या विषयांची, त्यात लिट होतं आणि लँग्वेज नव्हतं, तिथून ते आलंय. ती यादी २०१९ मध्येच बंद झाली. लॉसाठी बहुतेक ठिकाणी ठरावीक विषय मागत नाहीत, निबंध लिहायला लावणारा कुठलाही विषय कामाला येतो. स्पीच थेरपीकडे जाणाऱ्या माझ्या विद्यार्थिनींना लँग्वेजमधला बालभाषेचा भाग फार उपयोगी पडला, तिकडे हा विषय कोणी अट म्हणून घालत नाही तरीही. इंग्लिशच्या डिग्रीचं निळी_शाईने लिहिलंय ते मात्र नीट तपासा, प्रत्येक कोर्सचं पान उघडून.

आता वर्गात मला जे दिसतं ते. जीसीएसई लँग्वेजमध्ये ज्यांना क्रिएटिव्ह रायटिंगमुळे ८-९ ग्रेड (९ सगळ्यात वरचा) मिळाले ती मुलं ए लेव्हल लँग्वेजला येतात आणि ऑक्टोबरपर्यंत चेहरे उतरलेले असतात, कारण इथे गोष्टी लिहिणं हा छोटासा कोपरा आहे. ज्यांना शब्दांचे प्रकार ओळखणं कंटाळवाणं वाटतं त्यांनी तर विचार करूनच या. याउलट बाजूला सायकॉलॉजी असणारी मुलं लँग्वेजमध्ये पटकन रुळतात, पुरावा मागायची सवय असते.

आपल्या मुलांना इथे एक जादाचा फायदा मिळतो आणि तो कोणी बोलून दाखवत नाही. दोन भाषांत वाढलेल्या पोराला 'भाषा अशीही असू शकते' हे शिकवावं लागत नाही. जगातल्या वेगवेगळ्या इंग्लिशबद्दल एक भाग आहे, त्यात भाषाशास्त्रज्ञ ब्रज कचरूंची तीन वर्तुळं येतात: इंग्लिश मातृभाषा असलेले देश, वसाहतकाळापासून दुसरी भाषा म्हणून वापरणारे, आणि परकी भाषा म्हणून शिकणारे. भारत दुसऱ्या वर्तुळात. 'प्रीपोन' हा शब्द चुकीचा की इंडियन इंग्लिशमधला रीतसर शब्द यावर माझ्या वर्गात मारामारी व्हायची बाकी राहिली होती, आणि ज्या मुलाचे आजी-आजोबा तो रोज वापरतात तो त्या दिवशी वर्गाचा राजा होता. भाषा बिघडत चालली म्हणणाऱ्यांवर भाषाशास्त्रज्ञ जीन एचिसन बाईंनी १९९६ च्या बीबीसीवरच्या रीथ व्याख्यानांत तीन रूपकं सांगितली, त्यातलं एक साखरेच्या भांड्यात ओला चमचा घालण्याचं, म्हणजे आळशीपणाने भाषा खराब होते असं मानणारे लोक. आमच्या घरी माझे सासरे ओल्या चमच्याच्या पक्षाचे. (अवांतर झालं, पण हा भाग शिकवताना मला फार मजा येते.)

करायचं काय, तर मुलीसमोर तिन्हींचे पास्ट पेपर ठेवा, बोर्डाच्या साइटवर फुकट असतात, पण आधी शाळा कुठलं बोर्ड करते ते विचारून मगच. उत्तरं लिहायला सांगू नका, कुठला प्रश्न वाचून ती बोलायला लागते तेवढं बघा.

वळचण
ए लेव्हल नाही, पण मुलाने आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, ए लेव्हलऐवजी करता येणारा कोर्स) केलं, तिथेही हीच भानगड आहे म्हणून लिहितो. लिटरेचर की लँग्वेज अँड लिटरेचर. हायर लेव्हलला लिटमध्ये १३ साहित्यकृती, लँग-लिटमध्ये ६, आणि उरलेल्या वेळात जाहिराती, भाषणं, व्यंगचित्रं असलं सगळं. तिथलं लँग-लिट म्हणजे इथल्या ए लेव्हल लँग्वेजसारखं भाषाशास्त्र नाही, बालभाषा वगैरे काही नाही. याने लँग-लिट घेतलं, दहा मिनिटांचं तोंडी असतं आणि पुढे पाच मिनिटं प्रश्न, त्यात एक राजकीय व्यंगचित्रांची मालिका आणि एक नाटक जोडलं. बोलका पोरगा, तोंडीवर तरून गेला.

मधली_सुट्टी
मी इयर १२ च्या सप्टेंबरमध्ये लिटमधून लँग्वेजमध्ये बदली घेतली, सध्या इयर १३. बदल करता येतो हे सांगायला लिहितोय, पण आमच्याकडे पहिले काही आठवडेच चालतं आणि टाइमटेबलमध्ये बसलं पाहिजे. मला लिट वाईट जात नव्हतं, निबंधांना मार्क पण बरे होते. फक्त समोर कविता आली की मला कवी काय म्हणतो यापेक्षा तो तसा का बोलतो, त्या काळी सगळेच तसे बोलायचे का, हेच प्रश्न पडायचे आणि सर म्हणायचे छान प्रश्न आहे पण परीक्षेत नाही. तेच प्रश्न इकडे परीक्षेत आहेत, एकाच विषयावरचे दोन उतारे, एक आजचा एक जुना, आणि तुलना करा.

तोटा म्हणजे टर्मिनॉलॉजी. खूप आहे. सुट्टीत शब्दांचे प्रकार आणि वाक्यांचे प्रकार पक्के करून आलात तर सोपं जाईल, मराठी व्याकरण आलेल्या आईबाबांना हे घरी शिकवता येईल, माझ्या आईनेच मला कर्मणी प्रयोग शिकवला.

ओसरी
सगळ्यांचे खूप आभार, एवढं येईल वाटलं नव्हतं. काल खडूफळाताईंनी सांगितलं तसं केलं, तिन्ही पेपर टेबलवर ठेवले आणि काही बोलले नाही. लिटची न पाहिलेली कविता तिने दोनदा वाचली आणि गप्प बसली, मला वाटलं नाही आवडली, तर तासाभराने किचनमध्ये येऊन त्यातल्या शेवटच्या ओळीवर बोलायला लागली. मग बालभाषेची ट्रान्स्क्रिप्ट वाचून हसत सुटली. त्यामुळे आता नवीन घोळ: हिस्टरी सोडून लँग्वेज आणि लिट दोन्ही घ्यायचं म्हणतेय. चालतं का हे?

खडूफळा
बऱ्याच ठिकाणी चालतं, दोन्ही स्वतंत्र ए लेव्हल आहेत. पण मग तिसरी फक्त सायकॉलॉजी उरते आणि लिहायचं ओझं दुप्पट, दोन्हींची कोर्सवर्कं साधारण एकाच सुमारास येतात. हिस्टरीलाही मोठं कोर्सवर्क असतंच म्हणा. शाळेला ईमेल करून विचारा की लँग्वेज आणि लिट एकाच ऑप्शन ब्लॉकमध्ये, म्हणजे टाइमटेबलवर एकाच वेळी, तर नाहीत ना, आमच्याकडे आहेत, त्यामुळे आमच्या मुलांना घेताच येत नाही.

ओसरी
केला ईमेल. उत्तर आलं की इथेच लिहिते.