रात्रीची मोटर, दुपारचं ऊन

येळ्ळूरकर: काल इथेच एकाने लिहिलं, 'कर्नाटकच्या गृहज्योती योजनेत घरगुती विजेचं 200 युनिटपर्यंत बिल शून्य, मग छपरावर सोलर लावणारा शुद्ध वेडा.' फक्त बिल बघायचं तर पटेलही. पण 3 किलोवॉटला केंद्राची 78,000 सबसिडी आहे, आणि मुद्दा बिलापुरता नाहीच. दुपारी सोलरची वीज उदंड, ओढ लागते संध्याकाळी सातला. एका टीसीवर (गावातल्या ट्रान्सफॉर्मरवर) दहा घरांचं सोलर आलं आणि दुपारी खपच नसला, तर व्होल्टेज चढून इन्व्हर्टर ट्रिप होतात. पिठाची गिरणी, मोटर, गीझर, जे जे दुपारी सरकवता येतं ते सरकवा.

उद्यमबागवाला: 'सरकवा' म्हणायला काय जातंय? फौंड्रीची भट्टी एकदा तापली की मध्येच सोडता येत नाही. कामगार शिफ्टवर येतात, उन्हावर नाही.

खानापूरचा शेतकरी: आमची मोटर सरकवा की दिवसा! थ्री-फेज येते रात्री. दोन वाजता पाणी पाजायला गेलेल्या माझ्या चुलत्यांना उसाच्या सरीत घोणस चावली. जीव वाचला, पायाचं बोट गेलं. सोलर राहू दे बाजूला, आधी हे बोला.

निपाणीकर: 10 एचपीपर्यंतच्या पंपाला वीज फुकट, म्हणून ऑटो स्टार्टर लावून झोपता. लाईट आली की शिवारातल्या सगळ्या मोटरी एकदम उठतात आणि टीसी जळतो. मग आठ-आठ दिवस गाव कोरडं!

खानापूरचा शेतकरी: ऑटो काढतो. रात्री दोनला बटण दाबायला तुम्ही येता का? शहरात बसून शेतकऱ्याला चोर ठरवू नका.

येळ्ळूरकर: भांडू नका. दोघांचं दुखणं एकच आहे. केंद्राच्या कुसुम योजनेत शेतीचा अख्खा फीडर, म्हणजे शिवाराला वीज देणारी लाईन, सोलरवर घेता येतो. मग पाणी दिवसाच मिळतं, आणि गावं पाळीने घेतली तर मोटरी एकदम उठतही नाहीत. भट्टीचं मान्य, ती सरकत नाही. पण कंप्रेसर, पाण्याची टाकी?

उद्यमबागवाला: टाकी भरतो दुपारी. दुपारचा दर खरोखर उतरवला तर. नुसत्या उपदेशावर नाही.

कालचा पोस्टवाला: वेडा शब्द मागे घेतो, बाकी काही नाही. लाईट गेली की तुमचं सोलरही बंदच पडतं ना?

येळ्ळूरकर: पडतं, आणि पडायलाच हवं. नाहीतर तुमच्या छपरावरची वीज उलटी तारेत जाऊन खांबावरचा लाईनमन मरेल. बॅकअप हवा तर बॅटरीवाला हायब्रीड इन्व्हर्टर घ्या, पैसे जास्त पडतात.

खानापूरचा शेतकरी: आमच्या फीडरचं निवेदन लिहितोय. निपाणीकर, सही करणार का?

निपाणीकर: करतो. पण आधी ऑटो काढा.